पांढरी तीनचा कॉम्प्युटर

तुमच्या घरातला कॉम्प्युटर कुठल्या सुरात घोंगावतो, हे तुम्हाला सांगता येईल का? हसू नका. मीही हसले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करण्यावर माझं पोट आहे. कितीतरी यंत्रं मी उघडली, झाडली, पुन्हा बांधली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो विचारला अनगोळात आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका गाण्याच्या बाईंनी. विचारता विचारता त्यांनी डोळे मिटले, उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि म्हणाल्या, "जरा थांब गं. ऐकू दे."

ते बोट गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की ते वर जायचं आणि मग निकाल यायचा. "शिट्टी उतरलीय. रिंग बदला म्हणावं." शेजारीण चिडायची. "आमच्या कुकरवर पण यांची परीक्षा." पण रिंग खरोखरच सैल झालेली असायची. एकदा रिक्षावाल्याला त्यांनी भर रस्त्यात बोट दाखवून थांबवलं. त्याला वाटलं भाडं मिळालं. "तुझं इंजिन दोन सुरांत बोलायलंय बघ," एवढं सांगून त्या चालत पुढं गेल्या.

सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, मीही. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गाणं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, एक तंबोरा, एक पेटी आणि शिकायला येणाऱ्या मुली, एवढा संसार. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि आवाजही गेला. अगदीच गेला असं नाही. सुपात तांदूळ हळूच हलवावेत, तेवढा राहिला. त्या सुरात असायच्या, पण ऐकायला पार त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागे.

आणि मी? मी पत्रकांच्या घरात वाढले. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना घराच्या पुढच्याच खोलीत होता. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मागण्या, शाळेचं गळकं छप्पर, न येणारं नळाचं पाणी, सगळ्याची पत्रकं आमच्याकडं छापली जायची. चुकलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. यंत्र चालू असताना कुणाला मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. त्यामुळं आमचं अख्खं घर व्यासपीठावरून बोलल्यासारखं बोलतं. आवाज चढवल्याशिवाय या जगात कुणी कुणाचं ऐकत नाही, असं माझं ठाम मत होतं. अजूनही बऱ्याच अंशी आहे.

आक्कांना माझ्या या मताचा भारी ताप. मी दारातून बोलायला सुरुवात केली की त्या म्हणायच्या, "तू बोलायलीस का हँडबिलं वाटायलीस?"

आवाज गेल्यावर मुली गळत गेल्या. त्यांना दोष देत नाही. ऐकू येत नाही ते शिकायचं कसं? शेवटी एकच राहिली, सुजाता. ती आता सदलग्यात असते, तिथल्या कन्नड शाळेत शिक्षिका. घरात कन्नड बोलायची, आक्कांशी मराठी. लग्न होऊन तिकडं सासरी गेली तरी तिनं गाणं सोडलं नाही, आणि सदलगा ते अनगोळ रोज येणं शक्य नव्हतं म्हणून ती कॉम्प्युटरवरून शिकत होती. आक्कांच्या गुरूंकडून आलेल्या काही चीजा आक्कांशिवाय दुसऱ्या कुणाच्या गळ्यात उरल्या नव्हत्या. त्या सुजाताला द्यायच्या, एवढंच एक काम आक्कांनी आपल्यासाठी ठेवलं होतं. ते झालं नाही तर त्या चीजा त्यांच्याबरोबरच संपणार होत्या.

मध्ये उभा होता तो कॉम्प्युटर.

तो आक्कांच्या भाच्यानं दिलेला. भाचा बेंगळूरला असतो, त्यानं खेळ खेळायला मोठ्या हौसेनं घेतलेलं यंत्र, नवं आल्यावर जुनं मावशीकडं आलं. लाल-निळे दिवे, काचेची बाजू, आत पंखेच पंखे. चालू केलं की विमान उडतंय असं वाटावं. जाणकार वाचक म्हणतील, हा काढून पंखा नसलेला छोटा का घेतला नाही? मीही तेच म्हटलं होतं. आक्का म्हणाल्या, "पोरानं प्रेमानं दिलंय. आणि धडधाकट हाय की. नुसतं ओरडतंय म्हणून काय घरातनं काढायचं? मग तुला बी काढावं लागंल."

मग मोबाईल? मोबाईल स्वतःच्या अकलेनं आवाज गाळतो, तंबोरा त्याला कचरा वाटतो. म्हणजे पुन्हा तोच कॉम्प्युटर. आक्कांचा आवाज इतका बारीक, की माइक पूर्ण चढवावा लागे. माइक चढवला की पंख्यांची घरघरही चढे. सुजाताला ऐकू काय येई, तर वादळात कुणीतरी गुणगुणतंय.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते यंत्र बघायला गेले आणि आक्कांनी बोट वर केलं. बराच वेळ ऐकून त्यांनी पेटीची पांढरी तीन दाबली, मग तिच्याशेजारची पांढरी चार. "ह्या दोघींच्या मधे बसलंय बघ. पेटीवर तिथं पट्टीच न्हाय. एकतर इकडं बस म्हणावं न्हायतर तिकडं. मधेच बसलंय, माझा सूर ओढून न्यायलंय."

आवाज गेल्यावर त्यांचा स्वतःचा सा उतरून पांढरी तीनवर आला होता. म्हणजे यंत्र त्यांच्या ‘सा’च्या अगदी उशाला, अर्धवट वर चढून बसलं होतं. गाणारी माणसंच सांगतील हे किती छळणारं असतं. मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं आवाज म्हणजे आवाज, कमी केला की झालं.

आणि कमी करायला सोपा उपाय होता. व्हिडिओ क्लासच्या प्रोग्रॅममध्ये मागचा गोंगाट गाळायची सोय असते. मी ती शेवटपर्यंत चढवली. घरघर एकदम गायब. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. आक्कांनी तंबोरा छेडला, सा लावला, डोळे मिटून चांगला लांब धरला. पडद्यावर सुजाता वाट बघत होती. मग ती म्हणाली, "आक्का, तुमचं तोंड हलायलंय, पण इकडं काहीच येईना झालंय."

प्रोग्रॅमचं साधं गणित असतं. जे सारखं बदलतं ते बोलणं, जे एकसारखं आणि बारीक चालतं ते गोंगाट. तंबोरा एकसारखा. आक्कांनी धरलेला सा एकसारखा आणि बारीक. दोन्ही त्यानं पंख्याबरोबर झाडून टाकले. मी यावर तिथल्या तिथं भाषण केलं. हा नुसता तांत्रिक दोष नाही, म्हटलं. कुठंतरी, कुणीतरी बसून ठरवलं की मोठा आवाज म्हणजे माणूस आणि बारीक आवाज म्हणजे कचरा. आजही मी यातला एक शब्द मागं घ्यायला तयार नाही.

आक्का शांतपणे ऐकत होत्या. "झालं तुझं?" म्हणाल्या. "आता ते बंद कर."

पुढचा उपाय आक्कांनी स्वतः केला, मला न विचारता. तंबोऱ्याला गवसणी असते, पेटीला खोळ असते, मग याला का नको? त्यांनी जुन्या लुगड्यांची जाड वाकळ काढली आणि क्लास सुरू व्हायच्या आधी कॉम्प्युटरला नीट गुंडाळली, थंडीत लेकराला गुंडाळावं तशी. सुजातानं नंतर मला सांगितलं, सुरुवातीची पाच-दहा मिनिटं स्वर्ग होता. आक्का एक मींड घेत होत्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं, आणि ती पहिल्यांदाच तिला नीट ऐकू येत होती. मग वाकळीच्या आत पंखे किंचाळायला लागले आणि मींडेच्या मध्यातच पडदा काळा झाला.

मला बोलावणं आलं तेव्हा खोलीत वाकळ भाजल्याचा वास होता. यंत्र वाचलं होतं. तापलं की ते स्वतःच बंद होतं, त्याला तेवढी अक्कल आहे. आक्का वाकळीची घडी घालत होत्या. बोट वर नव्हतं.

"बंद करते गं शिकवणं," म्हणाल्या. "सुजाताचा बी वेळ जायलाय. शाळा, घर, सगळं करून बसती बिचारी. तिला सांगते, दुसरीकडं शिक."

"दुसरीकडं कुठं, आक्का? तुमच्या चीजा दुसरीकडं कुठं आहेत?"

"नसतील. न्हायत तर न्हायत." त्यांनी वाकळ कपाटात ठेवली. "लई गोष्टी गेल्यात जगातनं. कुणाचं काय अडलंय?"

हे त्यांनी इतक्या साध्या स्वरात म्हटलं, की मला भाषण सुचलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, की मला थोडे दिवस द्या, मी याला गप्प करते. "गप्प करायला तू?" आक्का म्हणाल्या, पण तोंडावर थोडं हसू आलं.

उपाय होता पाणी. कॉम्प्युटरमधला प्रोसेसर हा चुलीसारखा तापणारा भाग. एरवी त्याच्या डोक्यावर बारका पंखा जोरात फिरून उष्णता हाकलतो, ओरड होते ती त्याचीच. त्याऐवजी प्रोसेसरवर तांब्याची पोकळ पेटी बसवायची, तिच्यातून छोट्या पंपानं पाणी खेळवायचं, ते तापलेलं पाणी नळ्यांतून गाडीच्या रेडिएटरसारख्या एका जाळीत न्यायचं आणि तिथं मोठे पंखे अगदी सावकाश फिरवून गार करायचं. पंखा जेवढा मोठा आणि सावकाश तेवढा गप्प. मी मुद्दाम गरजेपेक्षा कितीतरी मोठा रेडिएटर घेतला. एवढ्या साध्या कामाला एवढा रेडिएटर, म्हणजे एक मोळी न्यायला उसाचा ट्रॅक्टर. पण ट्रॅक्टरला मोळीचा घाम येत नाही, आणि मला तेच हवं होतं.

आक्कांना हे समजावताना मजा झाली.

"पाणी? करंटच्या वस्तूत पाणी?"

"नळीत असतं, आक्का. बाहेर येत नाही."

"आमच्या नळात बी असतंय म्हणतात. तिथनं बी बाहेर येत न्हाय." मग जरा विचार करून, "रोज बदलायचं काय गं? आमच्याकडं पाणी कधी येतंय ते त्या पाणी सोडणाऱ्या वॉलमनलाच ठाऊक. मी प्यायचं भरू का ह्याचं भरू?"

म्हटलं, वर्षभर बघायचं नाही, आणि नळाचं तर चालतच नाही, त्यातले क्षार बसतात. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते शुद्ध पाणी घालायचं. हे ऐकून आक्कांना जरा वाईट वाटलं. त्यांनी विहिरीचं पाणी द्यायची तयारी केली होती. अनगोळच्या जुन्या विहिरीचं पाणी गोड असतं, गळ्याला चांगलं, असं त्यांचं म्हणणं.

जोडणी आक्कांच्याच खोलीत केली, जमिनीवर बसून. त्या तंबोरा घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि मी काय काय काढते ते बघायच्या. बारका पंखा निघाला, मग दुसरा, मग तिसरा. "एवढे बडबडे आत कोंबलेते होय," म्हणाल्या. दिवे मी काढणार होते, तर नको म्हणाल्या. "दिवा काय ओरडत न्हाय. असू दे, पोराची हौस हाय." पंप थेट पत्र्यावर बसवला तर पत्रा घुमतो, म्हणून त्याच्याखाली काहीतरी मऊ हवं होतं. मी रबराचे वॉशर आणले होते. आक्कांनी ते दाबून बघितले, नाक मुरडलं आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब मागवून घेतली. तिच्या घडीवर पंप ठेवला. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात ना, त्याच गंभीरपणानं त्यांनी ती घडी इकडून तिकडं सरकवली, शेवटी एका जागी हात काढून घेतला. माझे वॉशर पिशवीत परत गेले.

पाणी भरल्यावर लगेच कॉम्प्युटर चालू करत नाहीत. आधी नुसता पंप चालवायचा, एक दिवसभर, आणि गळतंय का बघायचं. खाली कागद अंथरावा लागतो, थेंब पडला की डाग दिसावा म्हणून. मी घरून चुकलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणला. आक्का त्यांच्यावर नजर ठेवून बसल्या, दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशा, आणि बसल्या बसल्या पत्रकं वाचू लागल्या.

"हे तू लिहिलंस? 'जनतेच्या संयमाचा अंत पाहू नका'?"

"अण्णांनी. मी पाच वर्षांची असेन तेव्हा."

"चांगलंय." थोड्या वेळानं, "अंत झाला का मग?"

दुपारी एका जोडापाशी डाग दिसला. नळी कापताना मी थोडी तिरकी कापली होती. पुन्हा कापून बसवली, पुन्हा कागद अंथरला. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा होता. आक्कांनी पत्रकांची नीट घडी घातली आणि "राहू देत, वाचायचीत," म्हणून ठेवून घेतली.

मग यंत्र चालू केलं. मी कान दिला. काही नाही. खिडकीबाहेरची चिमणी ऐकू येत होती. मी जिंकले होते. मी आक्कांकडं वळले, तर बोट वर.

"हाय," म्हणाल्या.

"काय आहे?"

"बारीक हाय. पण हाय. पांढरी तीनच्या जरा खाली, खर्जात."

मी यंत्राला कान लावला तेव्हा मलाही लागला तो आवाज. ते मोठे पंखे फिरत होते त्याचा. खोलीतल्या कुणालाही त्रास होऊ नये इतका मंद. मी म्हटलं, आक्का, याहून शांत यंत्र नसतं, पंखा बंदच केला तर तापेल. तेवढं चालवून घ्या.

"बंद कर म्हणालेय कुठं मी?" त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. "थोडा चढव म्हणायलेय."

मला कळायला वेळ लागला. पंख्याचा वेग वाढवला की त्याचा सूर चढतो, कमी केला की उतरतो. आणि वेग माझ्या हातात होता, पडद्यावर एक पट्टी सरकवायची एवढंच. आक्का तंबोरा छेडत राहिल्या आणि मी पट्टी सरकवत राहिले. "चढव. अजून. लई झालं. उतरव. जरासं. अगदी केसभर. हां. न्हाय, गेला. परत ये." एरवी यंत्र तापेल तसा वेग आपोआप बदलतो. ते मी बंद केलं आणि वेग बांधून टाकला. शेवटी एका जागी आक्का गप्प झाल्या. तंबोरा चालू होता. मी ऐकत होते, पण पंखा कुठं संपतो आणि तंबोरा कुठं सुरू होतो ते मला सांगता येईना. खर्जाच्या तारेखाली आणखी एक तार असावी, तसा तो आत जाऊन बसला होता.

कॉम्प्युटर सुरात लावायची विनंती मला त्याआधी कुणी केली नव्हती. त्यानंतरही नाही. खंडेनवमीला आक्कांनी तंबोऱ्याच्या शेजारी त्याचीही पूजा केली, हळदीकुंकू वाहिलं आणि मला फोन करून विचारलं, "फूल वर ठेवलं तर चालंल न्हवं? पंख्यात न्हाय जायचं?"

यंत्र सुरात लागल्यावरचा पहिला क्लास मी दाराशी बसून ऐकला. आक्कांनी तीच अर्धी राहिलेली मींड घेतली. सदलग्याहून ती परत आली, सुजाताच्या मोकळ्या, तरुण गळ्यातून. जवळजवळ तशीच. "न्हाय," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा घेतली. पुन्हा आली. "न्हाय. मोदलु केळु." राग आला की आक्का कन्नडवर जायच्या. मोदलु केळु, आधी ऐक. पत्रकांच्या घरात वाढलेल्या मला हे टोचायचं आणि एकदा मी ते बोललेही. आक्का म्हणाल्या होत्या, "तुझ्या भाषेसाठी तू भांड, मी तुझ्या बाजूला उभी हाय. पण पोरीला ज्या भाषेत लवकर कळतंय त्या भाषेत मी तिला शिव्या देणार." मला ते पटलं. पत्रकात मात्र मी ते घातलं नाही.

तिसऱ्यांदा मींड आली तेव्हा आक्कांनी हळूच पदरानं डोळे पुसले आणि पुढची ओळ घेतली.

पुढचं वर्षभर तो क्लास नेमानं चालला. संध्याकाळी गल्लीतून जाताना खिडकीतून लाल-निळा उजेड दिसायचा आणि आक्कांचा आवाज ऐकूच यायचा नाही. नव्या माणसाला वाटावं, आत कुणी एकटंच बसून सिनेमा बघतंय. शेजारीण त्या वेळात कुकर लावायची नाही. आपण होऊन. ती कुकरवाली शेजारीण.

आणि मग एका रविवारी सुजाता नवऱ्याला घेऊन टेम्पोनं अनगोळात आली. आक्कांना घेऊन जायला. माडीवरची मागची खोली मोकळी केलीय म्हणाली.

मी भडकले. आयुष्यभर स्वतःच्या घरात मानानं राहिलेल्या बाईनं म्हातारपणी दुसऱ्याच्या घरात का जावं? यंत्र आहे, क्लास चांगला चाललाय, अडचण काय आहे? मी हे सगळं म्हटलं, माझ्या नेहमीच्या आवाजात.

सुजाता मला म्हणाली, "तुम्ही ते मशीन केलं म्हणूनच. आधी मला वाटायचं, आक्कांचं एवढंच हाय. आता स्वच्छ ऐकू यायला लागलंय तर कळतंय, अजून काहीतरी हाय. सुराच्या आधी श्वास कुठं घेतात, ते येत न्हाय त्यातनं. मला जवळनं ऐकायचंय."

आक्का त्या दिवशी नाही म्हणाल्या. पुढच्या रविवारीही नाहीच म्हणाल्या. सुजाता येत राहिली, कधी उकडीचे मोदक घेऊन, कधी नुसतीच. मग एकदा मी गेले तर तंबोऱ्याला गवसणी चढवलेली होती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "हँडबिल काढू नकोस. मी माझ्या मनानं चाललेय. माझ्या हातात काम हाय आणि ते आता तिकडं हाय."

यंत्र नंतर पोचवते म्हटलं. पाणी काढलं, नळ्या मोकळ्या केल्या आणि आठवडाभरानं ते पोत्यात गुंडाळून निघाले. निपाणीला उतरून दुसरी बस. कंडक्टरनं विचारलं, "फ्रिज हाय काय?" म्हटलं, तंबोऱ्याची पाचवी तार आहे. त्यानं मला मागच्या सीटवर बसवलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

सदलग्यात सुजाताचं घर रस्त्यावरच आहे. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते. मला वाटलं, झालं, आमच्या सगळ्या कष्टावर पाणी. पण घरात शिरले तर सुजाताची सासू तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू. क्लास हाय." स्वयंपाकघरात ती दगडी पाट्यावर चटणी वाटत होती. मिक्सर क्लासच्या वेळात बंद. टीव्ही बंद. सासरे चपला हातात घेऊन जिना उतरत होते.

वर गेले. छताचा पंखा बंद, दोघींच्या कपाळावर घाम. सुजाता आक्कांच्या इतक्या जवळ बसली होती की तिचा कान त्यांच्या ओठांपाशी होता. आक्का काय गात होत्या ते मला दारातून ऐकू आलं नाही. एक अक्षरही नाही. पण सुजाताच्या मानेवर मला ते दिसत होतं. आक्कांनी श्वास घेतला की तिची मान किंचित हलायची, मग डोळे मिटायचे, आणि मग तिच्या गळ्यातून ती ओळ बाहेर यायची, खोलीभर.

मी पोतं दाराबाहेर ठेवून वाट बघितली.

आक्कांनी यंत्राकडं बघितलं, प्रेमानंच. "उगीच आणलंस एवढं लांब. इथं काय करायचंय त्याला? इथं कान समोर बसलाय." मग म्हणाल्या, "घेऊन जा. ज्याला लागंल त्याला दे. पण पडून राहू देऊ नकोस, पाणी भरून चालू ठेव." जेवून मी संध्याकाळच्या बसनं परत फिरले. अनगोळातलं त्यांचं घर आता भाड्यानं दिलंय, तिथं एक बँकेतलं जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. गल्लीत शिट्ट्या वाटेल त्या सुरात वाजतात.

यंत्र माझ्या दुकानात आहे, धडधाकट, कोरडं, रिकामं. म्हणून हे लिहायला बसले. याला पत्रकच समजा, आणि पत्रकाच्या शेवटी मागणी असते.

तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात, खानापूर-लोंढ्यापासून निपाणीपर्यंत कुठंही, असं एखादं माणूस असेल, ज्याचा आवाज गेलाय पण द्यायचं संपलेलं नाही. एखादे कीर्तनकार असतील, आजारानंतर पुटपुटत बोलणारे एखादे मास्तर असतील, जात्यावरच्या ओव्या येणारी कुणाची आत्या असेल. त्यांच्यापासून लांब, पण शिकायची इच्छा असलेलं कुणीतरी असेल. अशा माणसाचा निरोप मला पोचवा. यंत्र मी आणून बसवते, पाणी माझं. पण निरोप धाडायच्या आधी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा आणि त्यांना अजून काय द्यायचं राहिलंय ते विचारा. उत्तर बारीक आवाजात येईल. जवळ जाऊन बसा.